जुनी गाडी पाणी का ‘फेकते’? रेडिएटरचा ओव्हरफ्लो आणि कूलंटची बाटली, सोप्या भाषेत

गाडी पार्क केली, इंजिन बंद केलं आणि दोन मिनिटांनी बोनेटखालून पाण्याची बारीक धार लागली. घरात आजोबांची, काकांची किंवा हौसेनं घेतलेली जुनी गाडी असेल तर हे तुम्ही नक्की पाहिलं असेल. मग सल्ले सुरू होतात. कुणी म्हणतं रेडिएटर गेला, कुणी म्हणतं हेड गॅस्केट उडालं, आणि एक जण हमखास म्हणतो, “आता भंगारात द्या.”

पण जुन्या गाडीतून पाणी बाहेर येणं हा दरवेळी बिघाड नसतो. ते कधी येतं, किती येतं आणि किती दिवस येत राहतं, या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली की साधी गोष्ट कोणती आणि खर्चाची कोणती हे कळतं. आज आपण तेच समजून घेऊ. शेवटी बाहेर येणारं पाणी साठवून परत रेडिएटरमध्ये पाठवणारी बाटली कशी बसवायची तेही पाहू.

उदाहरणासाठी एक पद्मिनी

मी पुण्यात कसबा पेठेत राहते. आमच्या बोळात माझ्या मामांची प्रीमियर पद्मिनी उभी असते. तुमच्यापैकी अनेकांनी ही गाडी मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून पाहिली असेल. मूळची ही इटलीची फियाट ११००. मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्स ती बनवायची आणि १९७४ पासून ती ‘पद्मिनी’ या नावानं विकली गेली. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, कार्बोरेटर आणि स्टिअरिंगजवळ गिअरचा दांडा. मुंबईत नोंदलेल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची २० वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. खासगी गाड्या मात्र हौशी लोकांनी अजून जपल्यात.

मामांची गाडी रोज पाणी टाकायला लागली तेव्हा एका गॅरेजमध्ये सांगितलं गेलं की इंजिन उघडावं लागेल. खर्चाचा आकडा ऐकून घरात गाडी विकायचीच चर्चा सुरू झाली. मामा म्हणाले, “अगं, ही जेवढं पाणी पिते तेवढा मी चहा पीत नाही!” इंजिन उघडण्याआधी आम्ही ठरवलं की आधी मोजू, मग बोलू. त्यातून काय निघालं ते पुढे येईलच. त्याआधी थोडं विज्ञान.

बंब आणि कुकर

कसबा पेठेत तांबट आळी आहे. तांब्याची भांडी ठोकून घडवणाऱ्या कारागिरांची ही पेशवाईपासूनची वस्ती. तिथे बनणारा तांब्याचा बंब आठवून पाहा. मधोमध नळी, नळीत जाळ आणि भोवती पाणी. तांब्यातून उष्णता झटकन पुढे जाते, म्हणून पाणी लवकर तापतं. जुन्या गाडीचा रेडिएटरसुद्धा तांबं-पितळेचाच असतो आणि त्याचे सांधे डाख देऊन जोडलेले असतात. फक्त काम उलटं. इथे गरम पाणी बारीक नळ्यांतून वाहतं आणि बाहेरून जाणारी हवा त्याची उष्णता घेऊन जाते.

हे का लागतं? पेट्रोल जाळून जी ऊर्जा मिळते तिचा एक तृतीयांशाहूनही कमी भाग चाकांना फिरवण्याच्या कामी येतो. बाकीची उष्णता बनते. त्यातली बरीच सायलेन्सरवाटे जाते आणि उरलेली बाहेर काढायचं काम पाण्याचं. वॉटर पंप हे पाणी इंजिनातून रेडिएटरकडे आणि परत असं फिरवत राहतो. मध्ये थर्मोस्टॅट नावाचा झडपेसारखा भाग असतो. साधारण ८० ते ९० अंश सेल्सिअसला तो उघडतो, म्हणजे इंजिन आधी पुरेसं तापतं आणि मगच पाणी रेडिएटरकडे जातं.

आता अडचण बघा. बंब वरून उघडा असतो, त्यामुळे त्यातलं पाणी वातावरणाच्या दाबाला उकळतं. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे, म्हणून आपल्याकडे पाणी १०० नाही तर ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. इंजिन ९० अंशांवर चालत असेल तर उकळी फक्त आठ अंश लांब. शिवाजी रोडवर ट्रॅफिकमध्ये दहा मिनिटं अडकलात की संपलं.

यावरचा उपाय आपल्या स्वयंपाकघरात आहे. कुकर! झाकण घट्ट लावलं, वाफ कोंडली, दाब वाढला की पाणी उशिरा उकळतं. घरच्या कुकरमध्ये साधारण १५ पीएसआय जादा दाब असतो आणि आतलं पाणी १२० अंशांच्या आसपास जातं. रेडिएटरचं झाकण हेच काम करतं, फक्त कमी दाबावर. जुन्या अनेक गाड्यांची झाकणं ४ ते ७ पीएसआयची असतात, आजच्या गाड्यांची साधारण १३ ते १६ ची. ७ पीएसआयच्या झाकणानं पुण्यात पाणी जवळपास ११० अंशांपर्यंत उकळत नाही. म्हणजे आठ अंशांची सवलत थेट वीस अंशांची झाली.

थोडक्यात, जुना रेडिएटर बंबासारखा बनवलेला असतो आणि चालवायचा असतो कुकरसारखा. झाकण बिघडलं की तो पुन्हा बंब होतो.

झाकणात दोन झडपा असतात

रेडिएटरचं झाकण हातात घेऊन उलटं करा (गाडी पूर्ण थंड असताना). मोठी स्प्रिंग आणि तिच्या टोकाला रबराची चकती दिसेल. ही पहिली झडप. आतला दाब ठरलेल्या आकड्याच्या वर गेला की स्प्रिंग दबते आणि जास्तीचं पाणी मानेजवळच्या बारीक नळीतून बाहेर जातं. कुकरच्या शिट्टीसारखंच.

चकतीच्या मध्यभागी एक छोटी पितळी बटणासारखी झडप असते. ही दुसरी. गाडी थंड झाली की आतलं पाणी आकसतं आणि पोकळी तयार होते. तेव्हा ही झडप उघडते आणि बाहेरून काहीतरी आत ओढून घेते. नळीचं टोक नुसतं खाली लोंबत असेल तर हवा आत येते. टोक कूलंटच्या बाटलीत बुडलेलं असेल तर तेच कूलंट परत आत येतं. ओव्हरफ्लो बाटलीचं सगळं गणित एवढंच आहे.

नखानं ही छोटी झडप हलकेच ओढून पाहा. ती सहज उघडून परत बसली पाहिजे. ती चिकटली असेल तर गाडी थंड होताना वरचा होज पाइप चपटा झालेला दिसतो, कारण आत पोकळी आहे आणि भरायला काही येत नाही.

किती पाणी बाहेर येणं चालतं?

पाणी तापलं की फुगतं. २५ अंशांवरून ९५ अंशांवर गेलं की त्याचं आकारमान साधारण साडेतीन टक्क्यांनी वाढतं. गाडीत एकूण पाच लिटर पाणी मावतं असं धरलं तर वाढ झाली १७५ मिलिलिटरच्या आसपास, म्हणजे दोन-तीन कटिंग चहा. अर्धं पाणी, अर्धं कूलंट असेल तर थोडी जास्तच.

आता तुम्ही सकाळी थंड गाडीत अगदी काठापर्यंत पाणी भरलं, तर हे दोन-तीन कटिंग जाणार कुठे? नळीवाटे रस्त्यावर. दुसऱ्या दिवशी पातळी खाली दिसते, तुम्ही परत काठोकाठ भरता, आणि ती परत तेवढंच टाकते. असं महिनोन्‌महिने चालतं आणि गाडीवर ‘पाणी खाते’ असा शिक्का बसतो. बाटली नसलेल्या गाडीत वरच्या टाकीत थोडी जागा मोकळी ठेवायचीच असते. आतल्या नळ्यांची टोकं पाण्याखाली बुडलेली दिसली की बस्स.

इंजिन बंद केल्यावरच धार का लागते? कारण पंप थांबतो, पंखा थांबतो, पण इंजिनाचं लोखंड तापलेलंच असतं. ती उष्णता उभ्या पाण्यात उतरते आणि काही मिनिटं तापमान वाढतच राहतं. बिर्याणीचं पातेलं गॅस बंद केल्यावरही आत शिजत राहतं, तसं.

आम्ही मामांच्या गाडीच्या नळीखाली तात्पुरती एक मोकळी बाटली बांधली आणि आठवडाभर मोजलं. दर फेरीला ३०० ते ४०० मिलिलिटर, आणि रोज. म्हणजे ही नुसती फुगण्याची वाढ नव्हती. झाकण काढून पाहिलं तर स्प्रिंग गंजलेली आणि रबर कडक होऊन चिरलेलं. दाब धरलाच जात नव्हता, गाडीचा बंब झाला होता. योग्य आकड्याचं नवीन झाकण लावलं. पहिल्या फेरीला साधारण २०० मिलिलिटर आलं, नंतर धार थांबली. इंजिन आजही उघडलेलं नाही.

ओव्हरफ्लो बाटली बसवायची पद्धत

हे काम अर्ध्या दिवसाचं आहे. पुण्यात असाल तर नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत सगळं मिळतं. पायऱ्या अशा:

१. झाकण बघा. बाटलीसाठी चालणाऱ्या झाकणाला वरच्या बाजूला, कडेलगत, आणखी एक रबरी वॉशर असतो. तो नसेल तर गाडी थंड होताना कूलंटऐवजी कडेनं हवाच ओढली जाईल. आकडा मात्र मूळ झाकणाचाच ठेवा. ‘जास्त दाब म्हणजे जास्त चांगलं’ असं नाही. जुन्या रेडिएटरचे डाख दिलेले सांधे जादा दाबानं सुटतात.

२. मान साफ करा. झाकण जिथे टेकतं ती कड सपाट आणि स्वच्छ हवी. जुना गंज, पोचा असेल तर दाब टिकणार नाही.

३. बाटली निवडा. कुठल्याही छोट्या गाडीची एक लिटरची पारदर्शक कूलंट बाटली चालते. पाण्याची पेयाची बाटली कायमची लावू नका. उष्णतेनं ती वेडीवाकडी होते, आणि कुणी पाणी समजून ती तोंडाला लावण्याचा धोका वेगळाच.

४. जागा ठरवा. सायलेन्सरच्या गरम पाइपपासून आणि पंख्यापासून दूर, रेडिएटरच्या मानेच्या आसपासच्या किंवा थोड्या खालच्या उंचीवर. पट्टी आणि स्क्रूनं घट्ट बसवा.

५. नळी जोडा. मानेवरच्या नळीपासून बाटलीच्या तळापर्यंत. नळीचं टोक कायम कूलंटमध्ये बुडलेलं हवं. दोन्ही टोकांना क्लिप लावा, कारण इथून हवा शिरली तरी ओढ तुटते.

६. बाटलीच्या झाकणाला बारीक भोक आहे ना, ते बघा. बाटलीवर दाब येता कामा नये.

७. भरा. बाटली असल्यावर रेडिएटर थंड असताना काठोकाठ भरायचा आणि बाटली खालच्या खुणेपर्यंत. दोन-तीन वेळा गाडी तापून थंड झाली की आतली हवा बाहेर पडते. मग बाटलीतली पातळी बघून हवं तेवढं घाला.

यानंतर रोज रेडिएटरचं झाकण उघडायची गरजच राहत नाही. बाटली बघायची, बस्स.

कूलंट की नळाचं पाणी?

पुण्यात गोठायची भीती नाही, मग कूलंट कशाला, असं अनेकांना वाटतं. कूलंटचं मोठं काम गंज रोखणं आहे. जुन्या इंजिनात बीड, अॅल्युमिनियम, तांबं, पितळ आणि डाख असे वेगवेगळे धातू एकाच पाण्यात असतात, आणि साध्या पाण्यात ते एकमेकांना खातात. बोअरच्या पाण्यातले क्षार तर गिझरच्या कॉइलवर बसतात तसे रेडिएटरच्या नळ्यांत बसतात.

म्हणून बॅटरीत घालतो ते डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट मिसळून वापरा. कूलंटच्या रंगावर जाऊ नका, प्रत्येक कंपनीचा रंग वेगळा असतो. तांबं-पितळेच्या, डाख दिलेल्या रेडिएटरला चालेल असं बाटलीवर लिहिलंय का ते वाचा. आजच्या अॅल्युमिनियम रेडिएटरसाठी बनवलेली काही कूलंट जुन्या डाखाला मानवत नाहीत.

आणखी एक महत्त्वाचं. बहुतेक कूलंटमध्ये इथिलिन ग्लायकॉल असतं. चवीला ते गोडसर आणि पोटात गेलं तर विषारी. बोळातली कुत्री-मांजरं जमिनीवर सांडलेलं चाटतात आणि थोड्या प्रमाणातही ते त्यांच्या जिवावर बेतू शकतं. बाटली बसवायचं हेही एक मोठं कारण. सांडलंच तर लगेच भरपूर पाण्यानं धुऊन टाका.

खरी काळजी कधी करायची?

- थंड गाडी चालू करताच बाटलीत सतत बुडबुडे: सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतोय, हेड गॅस्केटची शंका. सुरुवातीला थोडे बुडबुडे आतल्या हवेचे असतात, पण ते थांबतात.
- ऑइल दुधाळ चहासारखं किंवा सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर: गाडी चालवू नका, मेकॅनिकला बोलवा.
- फक्त ट्रॅफिकमध्ये तापते, मोकळ्या रस्त्यावर ठीक: फॅन बेल्ट सैल आहे का, रेडिएटरच्या जाळीत धूळ-किडे अडकलेत का, ते बघा.
- कात्रजसारख्या घाटात किंवा हायवेला तापते, गावात ठीक: रेडिएटरच्या नळ्या आतून चोंदल्या असण्याची शक्यता जास्त.
- बाटलीत काही येत नाही तरी पातळी उतरते: होज पाइप, वॉटर पंपाखालची जागा आणि रेडिएटरचे सांधे तपासा. बाहेर कुठेच ओल सापडली नाही तर पाणी इंजिनात जातंय का हे मेकॅनिककडून बघून घ्या.

यात फोनचा काय उपयोग?

आजच्या गाडीला छोटं यंत्र जोडलं की इंजिनाचं तापमान फोनवर दिसतं. पद्मिनीसारख्या गाडीत तसं सॉकेटच नसतं, कारण विचारायला आत कॉम्प्युटर नाही. पण कॅमेरा भरपूर कामाचा आहे. रोज सकाळी गाडी चालू करण्याआधी, एकाच जागेवरून, बाटलीचा एक फोटो काढा. फोटोवर तारीख-वेळ आपोआप येते. पंधरा दिवसांचे फोटो एकापाठोपाठ सरकवले की पातळी उतरतेय की स्थिर आहे हे कुणाच्याही अंदाजापेक्षा स्पष्ट दिसतं. बुडबुड्यांची शंका असेल तर थंड इंजिन चालू केल्यावर बाटलीचा एक मिनिटाचा व्हिडिओ घ्या. हे दोन पुरावे घेऊन मेकॅनिककडे गेलात तर बोलणं ‘मला वाटतं’वरून ‘हे बघा’वर येतं. फोन मात्र फिरणाऱ्या पंख्याच्या आणि बेल्टच्या जवळ धरू नका, ओढणी आणि मोकळे केसही आवरून घ्या.

सगळ्यात महत्त्वाचं: गरम झाकण उघडायचं नाही

कुकरची वाफ जायच्या आधी आपण झाकण उघडत नाही. इथे धोका आणखी मोठा आहे. समजा आत पाच लिटर पाणी ११० अंशांवर आहे. झाकण काढताच दाब जातो आणि उकळी ९८ अंशांवर येते. मधल्या बारा अंशांची उष्णता क्षणात साधारण १०० ग्रॅम पाण्याची वाफ करते, आणि तेवढ्या पाण्याची वाफ होते दीडशे लिटरहून जास्त. ती वाफ आणि उकळतं पाणी तुमच्या चेहऱ्याच्या दिशेनं येतं.

म्हणून गाडी तापली तर बाजूला घ्या, इंजिन बंद करा, बोनेट उघडा आणि थांबा. अर्धा-पाऊण तास लागतो. वरचा होज पाइप हाताला गार लागला आणि दाबल्यावर मऊ वाटला, तरच झाकणावर जाड फडकं ठेवून ते पहिल्या खाचेपर्यंत फिरवा. फुस्स आवाज पूर्ण थांबला की मग काढा. कोरड्या, तापलेल्या इंजिनात गार पाणी एकदम ओतू नका, हेडला तडा जाऊ शकतो. भाजलंच तर त्या जागेवर २० मिनिटं नळाचं वाहतं पाणी सोडा आणि डॉक्टरकडे जा. टूथपेस्ट, हळद, शाई काही नको.

तुमच्या घरच्या गाडीचं पाणी वाहत असेल तर क्रम लक्षात ठेवा: आधी पातळी, मग झाकण, मग होज पाइप आणि बेल्ट, मग रेडिएटर, आणि सगळ्यात शेवटी इंजिन. स्वस्तातलं आधी तपासायचं. नवीन झाकणाची किंमत इंजिन उघडण्याच्या खर्चापुढे काहीच नाही.